तुझ्या अर्जात आजीची टाच कुठे आहे?

प्रिय बाळा,

काल 'वाचून ठेव गं' म्हणून तू अर्जाचं पान ठेवून झोपलास. दोनदा वाचलं. भाषा नेटकी आहे, चूक एकही नाही. पण पानभर शोधूनही मला तू सापडला नाहीस. 'लहानपणापासून मला रुग्णसेवेची ओढ आहे' हे वाक्य कुणाचंही असू शकतं. नर्सिंगला अर्ज करणाऱ्या निम्म्या मुलांनी ते लिहिलं असेल.

आजी अंथरुणाला खिळली होती, तेव्हा तू सोळा वर्षांचा होतास. एका संध्याकाळी तिचे मोजे बदलताना तू मला हाक मारलीस, "आई, टाच लाल झालीये. दाबलं तरी पांढरी पडत नाही." मी चादरीचा वळ समजून सोडून देणार होते. दुसऱ्या दिवशी घरी येणाऱ्या नर्सताईंनी बघितलं आणि म्हणाल्या, हा शय्याव्रण सुरू होतोय. बोटाने दाबूनही लाली जात नाही म्हणजे सततच्या दाबाने आतल्या भागाला इजा व्हायला लागली आहे. मग आपण पोटरीखाली उशी देऊन टाचा अधांतरी ठेवल्या, दर दोन तासांनी तिची कूस बदलू लागलो. रात्रीच्या वेळा तूच वहीत लिहायचास. कातडी फाटली नाही. दाबून बघायचं तुला कुणी शिकवलं होतं रे? कुणीच नाही. हे अर्जात का नाही?

फ्लॉरेन्स नाइटिंगेल म्हटलं की आपल्याला हातातला दिवा आठवतो. मला तिची कोष्टकं जास्त मोठी वाटतात. क्रिमियाच्या युद्धात जखमांपेक्षा टाळता येण्याजोग्या रोगांनी जास्त सैनिक मेले, हे तिने 1858 मध्ये आकृती काढून दाखवलं आणि 1860 मध्ये लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात नर्सिंगची शाळा सुरू केली. बघणं, मोजणं, लिहून ठेवणं. तुझी वही त्याच जातीची आहे.

जागा इतक्या कमी का, म्हणून तू गेल्या वर्षी चिडला होतास. वर्गात बाकं वाढवता येतात, वॉर्डात खाटा वाढवता येत नाहीत. प्रत्येक विद्यार्थ्याला खऱ्या रुग्णाजवळ, शिक्षकाच्या नजरेखाली ठरावीक तास काढावेच लागतात आणि एका वॉर्डात एका वेळी मोजकीच मुलं घेता येतात. शिकवणारेही कमी पडतात. म्हणून पहिली चाळणी गुणांचीच लागते. तू रसायनशास्त्रात मागे पडलास आणि प्रतीक्षायादीत अडकलास. यंदा तो विषय पुन्हा देतोयस, ते मला अर्ज सुंदर करण्यापेक्षा महत्त्वाचं वाटतं. शरीरक्रियाशास्त्र आणि सूक्ष्मजीवशास्त्र तुला आवडतं, त्यामुळे त्याची काळजी नाही. आणि एकाच विद्यापीठावर भिस्त ठेवू नकोस.

गणिताचा मात्र कंटाळा करू नकोस. औषधाच्या मात्रेत '5.0' लिहिलं आणि टिंब पुसट उमटलं, तर ते 50 वाचलं जातं. म्हणून पूर्णांकापुढे टिंब-शून्य लिहायचं नाही आणि अर्ध्याला '0.5' लिहायचं, नुसतं '.5' नाही. प्रवेश परीक्षेतली मात्रेची गणितं सोडवताना समोर आजी आहे असं समज.

मुलाखतीला काही ठिकाणी लहान लहान टप्पे असतात. दर टप्प्याला नवा परीक्षक, नवा प्रसंग, हातात मोजकी मिनिटं. ही पद्धत कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठातून पुढे आली. सहकाऱ्याने चुकीची गोळी दिली आणि लपवली, तर तू काय करशील, असं विचारतील. उत्तर पाठ करून जाऊ नकोस. आधी रुग्ण ठीक आहे का ते बघेन, मग वरिष्ठांना सांगेन. तुझ्या डोक्यात हाच क्रम येईल, मला माहीत आहे.

मला भीती वाटते ती प्रवेशाची नाही. 2002 मध्ये नर्सिंगच्या संशोधक लिंडा एकेन आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या रुग्णालयांचा अभ्यास केला. एका नर्सवर एक रुग्ण वाढला की शस्त्रक्रियेचा रुग्ण दाखल झाल्यापासून 30 दिवसांत दगावण्याची शक्यता 7 टक्क्यांनी वाढलेली दिसली. हे वाचून तुझ्यावर किती जणांचा भार पडेल, या विचाराने मला झोप आली नाही. आणि त्याच रात्री हेही वाटलं, की तिथे टाच दाबून बघणारा माणूस हवाच.

पहिला परिच्छेद खोडून टाक. आजीची वही कपाटातून काढून टेबलावर ठेवली आहे. टाचेची नोंद तिसऱ्या पानावर आहे, तारीख तिथून घे.

तुझी,
आई