चाकूच्या म्यानातली मधली पट्टी कुठे गेली?

महोदय,

निफाड-दिंडोरीकडे द्राक्षाच्या कलमांचे दिवस आले, पाठोपाठ ऑक्टोबरची छाटणी. या हंगामात चाकूबरोबर रेक्झिनचे तयार म्यान गिऱ्हाइकाच्या गळ्यात मारले जाते. रेक्झिन म्हणजे कापडावर चढवलेले प्लॅस्टिक. चाकूचे टोक त्यातून कधी बाहेर आले हे मांडीला लागल्यावरच समजते. चामड्याची म्याने मिळतात, पण बहुतेक मशीनवर शिवलेली आणि मधल्या पट्टीशिवाय. आमची तक्रार या पट्टीची आहे.

कातडे दुमडून म्यान केले की पात्याच्या पाठीकडे घडी येते आणि धारेकडे शिवण. पट्टी नसेल तर धार सरळ दोऱ्यावर बसते आणि चाकू आत-बाहेर होताना टाके थोडे थोडे कापत जातात. म्हणून धारेच्या बाजूने दोन पदरांमध्ये १० मिलिमीटर रुंदीची चामड्याचीच पट्टी घालायची, जाडीला पात्याच्या पाठीएवढी किंवा किंचित जास्त. शिवण बाहेरच्या कडेपासून ४ मिलिमीटर आत घेतली की धार आणि दोरा यांच्यामध्ये ६ मिलिमीटर भरीव चामडे राहते. पट्टी चिकटवताना कातड्याची गुळगुळीत बाजू रापीने (चामडे कापायच्या-तासायच्या हत्याराने) खरवडून घ्यावी, नाहीतर सोल्यूशन धरत नाही. सोल्यूशन दोन्हीकडे लावून, हाताला ओले लागेनासे झाल्यावरच दाबायचे. घाई केली की पदर सरकतात.

कातडे म्हशीचे, अडीच ते ३ मिलिमीटर जाडीचे, बाभळीची साल किंवा हिरडा वापरून कमावलेले असावे. २०१५ पासून राज्यात बैलाच्या कत्तलीलाही बंदी असल्याने म्हशीचेच कातडे मुख्यतः हाती येते, आणि या कामाला ते उत्तमच आहे. क्रोमचे, म्हणजे क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेले, कातडे मऊ आणि स्वस्त, पण भिजवून दिलेला आकार ते धरून ठेवत नाही. ओळखायचे तर कापलेली कड पाहा. सालीच्या कातड्याची कड आरपार तपकिरी दिसते, क्रोमची बहुधा मधोमध निळसर-राखाडी.

शिवणीचे अंतर ५ मिलिमीटर. तीन पदर मिळून जाडी ८-९ मिलिमीटर होते, त्यामुळे भोक पाडायची आरी काटकोनात गेली नाही तर मागची ओळ वेडीवाकडी येते आणि टाका कडेला येऊन कातडे फाडतो. दोरा मेण लावलेला, शिवणीच्या सहापट लांब आणि वर वीतभर. दोन्ही टोकांना सुई, आणि एकाच भोकातून दोन्ही सुया समोरासमोर. असा एखादा टाका तुटला तरी शेजारचे धरून ठेवतात, मशीनची शिवण मात्र उसवत जाते. तोंडाशी सगळ्यात जास्त ताण येतो, तिथे दोन टाके उलटे घ्यावेत. तांब्याचा रिवेट मारायचा असेल तर धारेच्या वाटेत येऊ देऊ नये. टोकाशी पाणी निथळायला बारीक भोक ठेवावे.

शिवून झाल्यावर म्यान कोमट पाण्यात बुडवायचे, बुडबुडे थांबेपर्यंत. चाकू प्लॅस्टिकमध्ये घट्ट गुंडाळून आत घालायचा आणि कातडे बोटांनी पात्यावर व मुठीच्या खालच्या भागावर दाबत बसवायचे. प्लॅस्टिक विसरले तर लोखंड आणि सालीचा अर्क यांची गाठ पडून कातड्यावर आणि पात्यावर काळेनिळे डाग उठतात, ते सहजासहजी जात नाहीत. वाळवायचे सावलीत, निदान एक दिवस. उन्हात किंवा शेगडीजवळ ठेवलेले म्यान आखडते आणि पहिल्याच वाकवण्यात तडकते. वाळल्यावर कडांना काचकागद, मग मेण. तेलाचा हात एकच. भरपूर तेल पाजले की कातडे लुळे पडते, पकड जाते आणि माणूस वाकला की चाकू आपोआप खाली येतो.

एवढे करूनही चाकू रात्रभर म्यानात ठेवू नये. कातडे हवेतला ओलावा धरते, पाते गंजते.

शेती साहित्याच्या दुकानदारांना विनंती आहे की चाकूबरोबर रेक्झिन देण्याऐवजी गिऱ्हाइकाला जवळच्या चर्मकाराकडे पाठवावे. शहरात कोपऱ्याकोपऱ्यावर बसणाऱ्या कारागिरांपैकी अनेकांना हे काम येते, फक्त कोणी सांगत नाही. आणि गिऱ्हाइकांनी चाकू सोबत न्यावा. नुसता कागदावर काढलेला आकार पाठवून चालत नाही, पाठीची जाडी त्यात येत नाही आणि मधली पट्टी त्या जाडीवरच ठरते.

— दोन चर्मकारागीर, जुने नाशिक