सोव्हिएत 'स्पेक्ट्रम' निव्वळ नकला नव्हते

मा. संपादक,
स. न. वि. वि.

घरगुती संगणकांच्या इतिहासावरील आपल्या पुरवणीतील लेखात सोव्हिएत संघात तयार झालेल्या 'स्पेक्ट्रम' संगणकांची 'निव्वळ नकला' अशी बोळवण केली आहे. ती मला अर्धीच पटते.

क्लाइव्ह सिंक्लेअर यांच्या कंपनीने एप्रिल १९८२ मध्ये ब्रिटनमध्ये आणलेला झेडएक्स स्पेक्ट्रम अवघ्या १२५ पौंडांपासून मिळू शकला, याचे एक मोठे कारण म्हणजे त्यातील 'यूएलए' ही फेरांटी कंपनीने बनवलेली चिप. टीव्हीच्या पडद्यावर चित्र उमटवणे, कळफलक वाचणे, कॅसेटवरून प्रोग्रॅम आत घेणे, आवाज काढणे ही सारी कामे ती एकटी सांभाळत असे. स्पेक्ट्रमचा मुख्य गणनयंत्रणा असलेला झेड-८० प्रोसेसर कोणालाही विकत घेता येई, पूर्व जर्मनीत तर त्याची प्रतिकृतीही बनत असे; यूएलए मात्र खास सिंक्लेअरसाठी घडवलेली असल्यामुळे ती दुकानात मिळण्याचा प्रश्नच नव्हता. त्यामुळे लेनिनग्राडच्या सेर्गेई झोनोव यांच्यासारख्या अभियंत्यांना, ही चिप नेमके काय करते हे समजून घेऊन, तेच काम साध्या लॉजिक चिपांच्या जुळणीतून नव्याने उभे करावे लागले. याला नक्कल म्हणणे मला जड जाते.

रॉमची, म्हणजे यंत्रात कायमस्वरूपी साठवलेल्या स्मृतीची, गोष्ट वेगळी. बेसिक भाषा सामावलेला तो १६ किलोबाइटचा मजकूर जवळजवळ जशाचा तसा उचलला गेला, आणि तोही विनापरवाना. (याच यंत्राची 'स्पेक्ट्रम प्लस' ही आवृत्ती भारतात डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने रीतसर परवाना घेऊन काढली होती.) त्या उचलेगिरीचे समर्थन करण्याचा माझा हेतू नाही.

परंतु लेखात 'पेंटागॉन' या रशियन स्पेक्ट्रम-संगणकाचा साधा उल्लेखही नसावा, हे खटकले. मूळ यंत्रात यूएलए चित्र वाचत असताना प्रोसेसरला थांबावे लागे, तसे पेंटागॉनमध्ये होत नाही. शिवाय पडद्यावरील एका चित्रासाठी मूळ ४८ के (४८ किलोबाइट स्मृतीच्या) यंत्राला प्रोसेसरच्या घड्याळाचे ६९,८८८ ठोके लागतात, तर पेंटागॉनला ७१,६८०. परिणामी पेंटागॉनच्या ठोक्यांवर बेतलेल्या रशियन प्रोग्रॅममधील चित्रकरामती खुद्द सिंक्लेअरच्या यंत्रावर अनेकदा विस्कटतात. लेखमालेच्या पुढील भागात या यंत्राला चार ओळी मिळाव्यात, ही विनंती.

आपला विनम्र,
एक वाचक, ठाणे