सिस्टर, तुमचे आभार मानायचे राहूनच गेले होते

सिस्टर, नाव लिहीत नाही, तुम्हाला आवडणार नाही ते. पण वाचलंत तर कळेलच, मी त्या केटीएसवाल्या (क्लिपेल-ट्रेनॉने सिंड्रोम, शिरांचा जन्मजात आजार) मुलीची आई.

लेकीच्या पायावर जन्मापासूनचा लाल डाग, तो पाय थोडा लांब न जाड, शिरा फुगलेल्या, आणि इतकी वर्षं जो तो डागाबद्दलच बोलायचा. आत रक्त साकळू शकतं हे गुठळी झाली तेव्हा कळलं. रक्त पातळ करायची औषधं बरीच वर्षं, कदाचित कायमचीच, हे ऐकून माझे हातपायच गळाले, तेव्हा तुम्ही खुर्ची ओढून शेजारी बसलात.

आधी हेपरिनचं इंजेक्शन शिकवलंत. बेंबीपासून निदान दोन इंच लांब पोटाची चिमूट धरायची, सुई सरळ आत, ती बाहेर येईपर्यंत चिमूट सोडायची नाही आणि नंतर चोळायचं तर अजिबातच नाही. भरून आलेल्या सिरिंजमधला हवेचा बुडबुडा मी काढायला निघाले तर हात धरलात, पूर्ण डोस द्यायचाय ना, मग राहू दे तो!

मग वॉरफरिनच्या गोळ्या, आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारा तपासणीतला आकडा) २ ते ३ मधे ठेवायचा. पालेभाज्या बंद करा असं सगळे सांगत होते, तुम्ही म्हणालात बंद नको, रोज साधारण सारख्याच खाऊ दे. डी-डायमर (गुठळी विरघळताना रक्तात येणारा घटक, त्याची तपासणी) वाढलेला आला की माझी झोप उडायची. अशा शिरांमधे रक्त संथ वाहतं, बारीक गुठळ्या होतात न विरघळतात म्हणून तो एरवीही जास्त असू शकतो, नुसत्या आकड्यावर जाऊ नका, नवी सूज, नवं दुखणं बघा, आणि धाप लागली किंवा छातीत दुखलं तर तडक इमर्जन्सीत, हे तुम्ही न कंटाळता दर वेळी सांगितलंत.

एकदा मला बाहेर बसवून तिच्याशी एकटीशी बोललात. खरं सांगते, राग आला होता. नंतर तिनेच सांगितलं, पाळीत जास्त रक्त गेलं तर लपवू नकोस, आणि पुढे मूल हवं असेल तर आधी डॉक्टरांशी बोल, वॉरफरिनने गर्भाला धोका असतो, हेपरिन वारेतून जात नाही. हे मला सुचलंच नसतं हो, आणि सुचलं असतं तरी बोलवलं नसतं.

आता दातांच्या डॉक्टरकडे गेली तरी आधी औषधाचं नाव सांगते, पेनकिलर विचारल्याशिवाय घेत नाही. रिपोर्टही तीच उघडते. मला फक्त एवढंच कळवते, "२.५ आलाय, झोप आता."

खूप खूप थँक्यू सिस्टर.