जहाज घासायला आम्हाला बोलवा

मा. संपादक,

नौदल दिनाच्या पुरवणीत जुन्या ‘विक्रांत’ या विमानवाहू नौकेचा फोटो पाहून बरे वाटले. त्याखाली ‘ही नौका जतन व्हायला हवी होती’ एवढ्या एका ओळीत विषय मिटवलात, ते मात्र खटकले. व्हायला हवी होती, पण करणार कोण होते? १९९७ मध्ये ती निवृत्त झाली, पुढे काही वर्षे मुंबईत संग्रहालय म्हणून लोकांनी पाहिली, २०१२ मध्ये सुरक्षेच्या कारणाने बंद झाली आणि २०१४ मध्ये साधारण ६० कोटींना भंगारात गेली. नंतर तिच्या लोखंडाचा अंश घालून मोटरसायकल निघाली, ती आमच्या सोसायटीतल्या एका मुलाने हौसेने घेतलीही. असो.

कोर्टातल्या याचिका आणि सरकारचा पैसा यांवर पुष्कळ बोलून झाले आहे. मला बोलायचे आहे ते राबणाऱ्या हातांबद्दल. बडोद्याजवळच्या एका रसायन कारखान्यात मी मेंटेनन्सला होतो. गंज आणि रंगकाम हेच माझे खाते.

जहाज पाहायला आलेला माणूस डेकवर फिरतो, तोफेपाशी फोटो काढतो, रंग चकचकीत आहे म्हणून खूश होऊन जातो. गंज बसलेला असतो खाली बिल्जमध्ये म्हणजे तळाशी पाणी साचते तिथे, पाइपांवर गुंडाळलेल्या लॅगिंगच्या आवरणाखाली, पाण्याची रेघ जिथे सतत वरखाली होते त्या पट्ट्यात. तिथे अंग चोरून शिरायचे, चिपिंग हॅमरने पोपडे पाडायचे, वायर ब्रश मारायचा, मग गोड्या पाण्याने धुऊन मीठ काढायचे. हवेतली वाफ ज्या तापमानाला पाणी होऊन बसते त्या दवबिंदूपेक्षा पत्रा निदान तीन अंश गरम आहे याची खात्री करायची आणि मगच प्रायमर लावायचा. मीठ राहिले तर वरून कितीही भारी रंग द्या, फोड येणारच. ठेकेदाराला हे परवडत नाही. तो चौरस मीटरवर पैसे घेतो, आणि कोनाकोपऱ्यांत चौरस मीटर भरत नाहीत.

अमेरिकेत असली कामे बरीचशी निवृत्त माणसे करतात. चंद्रावरून परतलेल्या अपोलो ११च्या अंतराळवीरांना १९६९ मध्ये ज्या ‘हॉर्नेट’ या विमानवाहू नौकेने समुद्रातून घेतले, ती १९९८पासून कॅलिफोर्नियात संग्रहालय आहे. जुने नौसैनिक आणि इतर हौशी माणसे तिच्यावर फुकट राबतात. तिकडेही सगळे आलबेल आहे असे नाही. बफेलो शहरात जतन केलेली ‘द सलिव्हन्स’ ही विनाशिका एप्रिल २०२२ मध्ये तळातून पाणी शिरून धक्क्यालाच कलली. तळाचे काम गोदीतच, पैसे टाकूनच करावे लागते. हौशी मंडळींनी त्यात पडू नये.

आपल्याला जवळची म्हणजे दीवची ‘खुकरी’. माझगाव गोदीत बांधलेली ही नौका १९८९ मध्ये नौदलात आली, डिसेंबर २०२१ मध्ये निवृत्त झाली आणि पुढच्याच महिन्यात जतनासाठी दीव प्रशासनाच्या हवाली झाली. याच नावाची आधीची नौका ९ डिसेंबर १९७१च्या रात्री पाकिस्तानी पाणबुडीच्या टॉर्पेडोने दीवजवळ बुडाली. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. तिचे प्रमुख कॅप्टन मुल्ला जहाज सोडून निघाले नाहीत. त्या नावाचे जहाज दीवलाच राहावे, यापेक्षा योग्य जागा नाही. पण खारा वारा कोणाचा मुलाहिजा ठेवत नाही.

म्हणून दीव प्रशासनाने निवृत्त कारागिरांची नावनोंदणी सुरू करावी. बडोद्यात रेल्वेतून, रिफायनरीतून, कारखान्यांतून निवृत्त झालेले फिटर, वेल्डर, पेंटर गल्लोगल्ली आहेत. सकाळी शेव-उसळ खाऊन दिवसभर करायचे काय, हा त्यांच्यापुढचा रोजचा प्रश्न. थंडीत आठवडाभर जायचे, धर्मशाळेतही राहू. जेवणाची सोय झाली तर उत्तम, नाहीतर आम्ही आमचे बघून घेऊ.

विमा आणि खाली उतरण्याचे परमिट यांवर मात्र तडजोड नको. बंद टाकीत गंजणारे लोखंड हवेतला ऑक्सिजन खाऊन टाकते. वास नाही, धूर नाही. उतरलेला माणूस काही कळायच्या आत कोसळतो आणि त्याला काढायला उतरलेला दुसराही. गॅस टेस्ट झाल्याशिवाय तरुणालाही खाली सोडू नये, आम्हा म्हाताऱ्यांचे तर सोडाच. आणि फोटोपुरते श्रमदान नको. पाहुणे येतात, न धुतलेल्या पत्र्यावर ब्रश फिरवून जातात, मग तोच रंग खरवडायला दुप्पट वेळ जातो.

आमच्या कट्ट्यावरचा एक वेल्डर म्हणतो, डोळ्यांनी दगा दिला, वेल्डिंग आता जमणार नाही. पण पत्र्याची जाडी मोजणाऱ्या थिकनेस मीटरचे आकडे कोणी वाचून दाखवले तर फ्रेमवार, म्हणजे जहाजाच्या एकेका फासळीप्रमाणे, वहीत उतरवायला तो तयार आहे. हे कामही कोणीतरी वर्षानुवर्षे न कंटाळता करावे लागते, नाहीतर पत्रा कुठे किती खाल्ला गेला हे समजणार कसे?

अर्ज कोणत्या खात्याकडे करायचा, एवढे आपल्या वार्ताहराने दीवला विचारून छापावे. पुढचा पत्रव्यवहार आम्ही करू.

— एक निवृत्त मेंटेनन्स सुपरवायझर,
दांडिया बाजार, बडोदे