गोयाचे लोहार आणि आबांची ऐरण

जर्सी सिटी

प्रिय विज्या,

बऱ्याच दिवसांनी लिहितोय, रागावू नकोस. तब्येत ठीक, गोळ्या चालू. काल न्यूयॉर्कला फ्रिक कलेक्शन या संग्रहालयात स्पॅनिश चित्रकार गोयाची ‘लोहारशाळा’ पाहिली. फोटो काढू देत नाहीत आणि तुझ्याशिवाय सांगणार कुणाला!

चित्र पुरुषभर उंच. तिघे लोहार. एकाची पाठ आपल्याकडे, घण पार वर नेलेला. दुसऱ्यानं सांडशीत लोखंड धरलंय. मागं वाकलेला म्हातारा. बहुतेक सगळं काळं-राखाडी, ऐरणीवर तेवढा लाल तुकडा. जवळ गेलं की सदरा हरवतो, नुसते जाड फटकारे उरतात. तू ट्यूबमधला काळा थेट फासायचास, सर ओरडायचे. मी अजूनही म्हणतो, तुझा काळा मेलेला असायचा. गोयाचा तापलेला आहे. भांड आता!

हे काम 1815 ते 1820 च्या दरम्यानचं. गोयाला ठार बहिरेपण येऊन तेव्हा वीस वर्षं उलटली होती. घणाचा आवाज त्याच्यापर्यंत पोचतच नव्हता. कान आबांचेही गेले, ते मात्र घणानं. आपण शेजारी उभं राहून हाका मारायचो आणि ते लोखंडाचा रंग बघत राहायचे.

धाकट्यानं कळवलंय, भट्टीची जागा भाड्यानं द्यायची, ऐरण भंगारात. किलोचा भावही विचारून आलाय. त्याला बोल लावता येत नाही. आबांना शेवटपर्यंत त्यानंच सांभाळलं. पण गावाचे फाळ त्याच ऐरणीवर पाजवले ना रे? भट्टीतलाच कोळसा उचलून तू आबांची स्केचेस केलीस. ती माझ्याकडे आहेत.

हे चित्र 1914 साली घेतलं पोलादवाल्या हेन्री फ्रिकनं. 1892 मध्ये होमस्टेडच्या पोलाद कामगारांनी संप केला, तेव्हा पिंकर्टन या खासगी पहारा कंपनीची 300 हत्यारबंद माणसं आणवली ती यानंच. भिंतीवर लोहार चालतात, दारात चालत नाहीत. आबा इथं फ्रेममध्ये आणि त्यांची ऐरण तिकडं वितळायला, हे मला सोसणार नाही.

तू जाऊन बोल. तुझं तो ऐकतो. मी पैशाचं नाव काढलं तर बिनसेल. भंगारवाल्यापेक्षा जास्त दे, मी पाठवतो. तुझ्या स्टुडिओच्या दारात ठेव. एकटा उचलायला जाऊ नकोस, रंकाळ्यावर सायकल उचलताना कंबर लचकली होती तुझी. टेम्पो कर, चार माणसं घे.

प्रदर्शनाचं काय झालं? वहिनींची बदली झाली का? पिंट्याला आशीर्वाद.

भंगारवाला सोमवारी येतोय म्हणे. त्याआधी जा.

तुझा,
नाम्या