नंदास पत्र

लंडन, १२ जानेवारी

प्रिय नंदा,

उत्तराला उशीर झाला, रागावू नकोस. गेले पंधरा दिवस हॅना कलविक नावाच्या बाईनं मला झपाटलंय. हे तुझ्याशिवाय कुणाला सांगू?

हॅना १८३३ साली इंग्लंडातल्या श्रॉपशरमध्ये जन्मली आणि आठव्या वर्षी लोकांच्या घरी कामाला लागली. पुढे लंडनमध्ये मोलकरीण. तशा लाखो होत्या, पण हिनं रोजनिशी लिहिली. १८६० च्या जुलैतला एक दिवस मी पुन्हा पुन्हा वाचतेय. सकाळी चूल पेटवली, काजळी टाकली, खोल्या झाडल्या, बुटांचे दोन जोड चकचकीत केले, अंथरुणं आवरली, रात्रीची लघवीची भांडी रिकामी केली. मग सुऱ्या घासणं, जेवण, दोन बदकं पिसं काढून, साफ करून भाजणं. आणि पुढच्या दाराच्या पायऱ्या, रस्त्याकडच्या फरश्यासुद्धा, गुडघ्यांवर बसून घासल्या.

त्या पायऱ्यांपाशी मी अडकते गं. इथल्या जुन्या घरांना रस्त्यावरूनच दोन वाटा असतात. एक वर, मालकांच्या दाराकडे. दुसरी लोखंडी कठड्यामागून खाली तळघरात, जिथं चूल आणि कोळसा. वरची पायरी पांढरीशुभ्र असणं ही घराची अब्रू, पण जिनं ती घासली तिची ये-जा खालून. कोळसा आणि गरम पाणी मात्र तिनंच मजल्यामागून मजले वर वाहायचं. आणि पगार? १८६१ च्या एका गाजलेल्या गृहव्यवस्थेच्या पुस्तकात सगळी कामं एकटीनं करणाऱ्या बाईचा दर दिलाय: वर्षाला ९ ते १४ पौंड. वर्षाला दीडशे-दोनशे पौंड मिळवणारं बेताचं घरसुद्धा अशी एक बाई ठेवायचं. त्याशिवाय चारचौघांत मान कुठला?

आता खरी गोष्ट. आर्थर मन्बी नावाचा शिकलासवरलेला, सरकारी नोकरीतला माणूस हिच्यावर जीव लावून बसला. १८७३ मध्ये त्यांनी गुपचूप लग्न केलं, आणि ती त्याच्याच बिऱ्हाडात नोकर म्हणून राहिली! पाहुणे आले की चहा देणार ती, पण बायको म्हणून ओळख नाही. फ्रान्सच्या प्रवासात तेवढी बाईसाहेबांच्या कपड्यांत. काही वर्षांनी ती त्याचं घर सोडून श्रॉपशरला गेली, तरी तो भेटायला जात राहिला. ती १९०९ मध्ये गेली, तो १९१० मध्ये. लग्नाची गोष्ट जगाला कळली ती त्याच्या मृत्युपत्रामुळे, आणि त्याचे कागद केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजात १९५० पर्यंत बंद राहिले.

मला आधी त्याचा संतापच आला. एवढं प्रेम, आणि चार लोकांत तिचं नाव घ्यायची हिंमत नाही? राग अजूनही आहे. पण रोजचं काम लिहून ठेव, असं तिला सांगणारा तोच. त्यानं विचारलं नसतं तर त्या फरश्या कुणी घासल्या हे आज कुणाला कळलं असतं?

माझ्या आईनं पंचवीस वर्षं लोकांची धुणीभांडी केली. तिचा दिवस कसा जायचा, हे मी तिला एकदाही विचारलं नाही. सोड्यानं भेगाळलेली तिची बोटं तेवढी आठवतात. तुझी आई आणि ती एकाच गल्लीत कामाला जायच्या ना? काकूंपाशी एक दिवस निवांत बस. पहाटे पहिलं घर कुठलं, कुठल्या दारानं आत जायच्या, चहा कुठं बसून प्यायच्या, सगळं विचार आणि त्या सांगतील तसं लिहून मला पाठव.

काकूंना नमस्कार.

तुझीच,
माधुरी