झांबियाच्या मास्तरांवर हसण्याआधी

संपादक साहेब, नमस्कार.

आफ्रिकेतल्या झांबियाच्या अंतराळवीरांची ती जुनी ब्लॅक अँड व्हाइट क्लिप परत व्हॉट्सॲपवर फिरायला लागलीय, आमच्या ग्रुपवर तर खाली नुसते हसणारे इमोजी. हसू येणारच म्हणा. हेल्मेट घातलेला गडी तेलाच्या रिकाम्या पिंपात शिरतो, बाकीचे त्याला उतारावरून गडगडत सोडतात, हे म्हणे अंतराळात तरंगायचं ट्रेनिंग! दोराला लोंबकळून झोका घ्यायचा आणि झोका उंच गेला की वरून दोर कापायचा. चंद्रावर म्हणे हातांवरच चालावं लागतं, म्हणून त्याचीही प्रॅक्टिस.

हे खरंच घडलंय. झांबिया 24 ऑक्टोबर 1964 ला स्वतंत्र झाला, त्याच सुमारास एडवर्ड मकुका न्कोलोसो नावाच्या शाळामास्तरांनी जाहीर केलं की अमेरिका-रशियाच्या आधी आम्ही चंद्रावर आणि मंगळावर पोचणार. टीममध्ये 16-17 वर्षांची माथा म्वाम्बा, दोन मांजरं आणि एक मिशनरी. युनेस्कोकडे 70 लाख पौंड मागितले, ते कोण देतंय. वर मास्तरांची तक्रार अशी की पोरांचं चंद्राच्या अभ्यासात लक्ष नाही, प्रेमप्रकरणंच जास्त. शेवटी माथा गरोदर राहिली, आईवडील तिला घरी घेऊन गेले, आटोपलं सगळं.

पण एक गोष्ट क्लिपखाली कुणी लिहीत नाही. मिशनरीला मास्तरांनी आधीच बजावलं होतं, मंगळावरच्या लोकांना नको असेल तर ख्रिश्चन धर्म त्यांच्यावर लादायचा नाही. आता हे खुळ्या माणसाचं बोलणं आहे का हो? इंग्रजांविरुद्ध चळवळ करून तुरुंगात जाऊन आलेला माणूस आहे तो. मला तर वाटतं गोऱ्या पत्रकारांसमोर चेहरा गंभीर ठेवून मास्तरच त्यांची फिरकी घेत होते. झांबियाच्या लेखिका नामवाली सर्पेल यांनी 2017 साली यावर लिहिलंय, त्यांचाही रोख साधारण असाच.

आणि आपण कुठल्या तोंडाने हसतो? 2014 ला मंगळयान पोचल्यावर न्यूयॉर्क टाइम्सने व्यंगचित्रात बड्या देशांच्या अंतराळ क्लबचं दार गाय घेऊन ठोठावणारा भारतीय शेतकरी काढला तेव्हा केवढ्या मिरच्या झोंबल्या होत्या आपल्याला, त्यांना माफी मागावी लागली. केरळातल्या थुंबाच्या रॉकेट केंद्रावर 1960च्या दशकात रॉकेटचे पार्ट सायकलवरून नेले त्याचा फोटो मात्र आपण कौतुकाने शेअर करतो.

हल्ली गावोगाव पोरं शॉर्ट फिल्म काढतात, त्यांनी यावर एक मॉक्युमेंटरी, म्हणजे माहितीपटाच्या थाटातली विनोदी फिल्म, कराच. फक्त पात्रांना विदूषक करू नका, मागे टँव-टँव म्युझिक नको, आणि कॅमेरा अधूनमधून त्या माइक धरलेल्या पत्रकारावरही फिरवा, खरी कॉमेडी तिकडेच आहे. मिशनरीचं वाक्य आलं की मास्तरांचा क्लोजअप धरा आणि लगेच कट मारू नका.

आपला,
एक वाचक, मिरज